बिंग फोडताना

काल फोनवर म्हणालीस, "आत्या, पू-अरचा नमुना आलाय. बुरशीची विषं बघायची आहेत. चहाच तर आहे!" तू लोकलच्या दारात उभी, आवाज तुटत होता, म्हणून मी "बरं" म्हणून फोन ठेवला. पण ते 'चहाच तर आहे' रात्रभर कानात घुमत राहिलं. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत मीही हेच म्हटलं होतं आणि त्यापायी एका भल्या माणसाची झोप उडवली होती. ते पुढे सांगते. आधी समोर काय आलंय ते नीट बघ.

आपल्या टपरीवरच्या पातेल्यात पडतो त्या चहालाही कारखान्यातले लोक 'फर्मेंट' झालेला म्हणतात. त्यात बुरशीचा काही संबंध नसतो. पान चुरडलं की त्याचेच विकर हवेला भिडतात आणि पान तांबूस होतं, चिरून ठेवलेलं वांगं काळं पडतं तसंच. पू-अरची गोष्ट निराळी. हा चीनच्या नैर्ऋत्येकडच्या युनान प्रांतातला चहा. झाड आसामच्या जातीचंच, मोठ्या पानाचं. त्यातला कच्चा प्रकार, 'शंग', लोक वर्षानुवर्षं ठेवून मुरवतात. एवढं थांबायला सगळ्यांनाच कुठून वेळ असणार? म्हणून १९७० च्या दशकात कुनमिंग आणि मेंगहाईच्या कारखान्यांनी दुसरी रीत बसवली. पानांचा हातभर उंच ढीग घालायचा, पाणी शिंपडायचं, वरून झाकायचं. आत पन्नास-साठ अंशांपर्यंत ऊब चढते. मधूनमधून ढीग उकरून खालीवर करायचा. दीड-दोन महिन्यांत पान काळंभोर होतं. हा पिकवलेला, 'शौ' प्रकार. जुन्या रीतीत या ढिगाला कुणी विरजण लावत नाही. पानावर आणि त्या शेडच्या जमिनीवर जे जीव आधीपासून नांदतात तेच कामाला लागतात, आणि त्यात काळ्या ॲस्परजिलसचा वाटा मोठा.

ही काळी ॲस्परजिलस म्हणजे एक घर नव्हे, अख्खी वाडी आहे. बरीचशी घरं सज्जन. काही वाण मात्र ऑक्रॅटॉक्सिन-ए बनवतात. नायजर नावाची जात फ्युमोनिसिन बी-२ बनवू शकते हे तर २००७ साली कळलं. तोवर आम्ही फ्युमोनिसिन म्हटलं की फक्त मक्याकडे बघायचो. अफ्लाटॉक्सिनवाली फ्लेव्हस ही तिसरीच, पिवळट हिरवी. तेव्हा या चहाला "बुरशी आहे का?" असं विचारूच नकोस. आहेच. तिच्यावाचून हा चहा झालाच नसता. इडलीच्या पिठाला "आंबलंस का रे?" म्हणून दरडावण्यासारखं ते होईल. कोणतं विष, किती, आणि त्यातलं पिणाऱ्याच्या पोटात किती जातं, एवढंच तुला शोधायचं आहे.

डोळ्यांवर तर मुळीच जाऊ नकोस. हुनान प्रांतात विटेसारखा दाबलेला एक काळा चहा होतो, त्यात पिवळ्या ठिपक्यांची बुरशी मुद्दाम वाढवतात. तिला ते 'सोनेरी फुलं' म्हणतात आणि फुलं जास्त तर भाव जास्त. आपल्या माणसाने ती वीट बघितली तर थेट कचऱ्यात टाकेल. उलट स्वच्छ, चकचकीत पानातही ऑक्रॅटॉक्सिन असू शकतं, कारण बुरशी मरून गेली तरी विष मागे राहतं. आणि ती निळ्या उजेडाची बॅटरी खणातच राहू दे. मक्याच्या दाण्यावर हिरवट पिवळी चमक दिसते ती अफ्लाटॉक्सिनची नसतेच, बुरशीच्या दुसऱ्याच एका द्रव्याची असते. चहाचं पान तर स्वतःच नाना रंगांत चमकतं.

आता नमुना. या गोल चकतीला चिनी लोक 'बिंग' म्हणतात, म्हणजे आपली भाकरीच. एक भाकरी ३५७ ग्रॅमची, सात भाकऱ्यांची चळत बांबूच्या सालात बांधलेली, चळत अडीच किलोची. आपल्याकडे बिंग फोडायचं म्हणजे काय ते तुला ठाऊक आहे, आणि तुझं काम शब्दशः तेच आहे. फक्त हातोडी घेऊन बसू नकोस. भाकरी उलटी कर. पाठीवर मधोमध एक खळगा दिसेल. वाफवलेलं पान कापडात गुंडाळून दाबतात, त्या कापडाच्या गाठीचा तो ठसा. त्या खळग्याभोवती चकती सगळ्यात घट्ट असते, आणि वाळायलाही सगळ्यात हट्टी. कडेची पानं सैल असतात, नखानेही सुटतात. म्हणून आळशी माणूस कडेचं पाच ग्रॅम ओरबाडतो आणि "झाला नमुना" म्हणतो. तू बाजूने बोथट सुरी सार आणि पराठ्याचे पदर सोडवावेत तशी भाकरी सोडव. मग चार भाग कर. समोरासमोरचे दोन भाग दळायला, उरलेले दोन सील करून राखीव.

दळताना मिक्सर सलग चालवू नकोस, तापतो. थांबून थांबून दळ, चाळणीतून काढ, वर राहिलेले देठ फेकू नकोस, पुन्हा दळ. देठ चिवट असतात म्हणून पोरं ते बाजूला सारतात आणि मग नमुना पानांचाच उरतो. सगळं एकत्र करून भरपूर हलव. तोंडाला मास्क हवाच. लाखो बीजाणू त्या धुळीत असतात. अफ्लाटॉक्सिनची स्टँडर्ड्स हाताळलेली काच आधी ब्लीचमध्ये आणि मग पाच टक्के ॲसिटोनमध्ये बुडव. नुसत्या ब्लीचवर थांबू नये, कारण त्यातून दुसरंच एक घातक द्रव्य उरतं आणि ते ॲसिटोनने मोडतं. आणि पार्टीने एकच भाकरी दिली असेल तर अहवाल त्या एका भाकरीचा आहे, गोदामाचा नाही, हे अहवालावर लिहायला लाजू नकोस. शेंगदाण्यात मी हे फार भोगलंय. अख्खं पोतं स्वच्छ, आणि चार दाण्यांत एवढं विष की ते तुझ्या मापात आले तर माल नापास, हुकले तर पास. पू-अर ढिगात उलटापालटा होतो म्हणून जरा बरा. पण नंतर गोदामात एका कोपऱ्यात ओल लागली तर त्या कोपऱ्यातल्याच भाकऱ्या बिघडतात, बाकीच्यांना पत्ताही नसतो.

आता माझी फजिती ऐक. एका आयातदाराचा पू-अर आला होता. मार्चएंडचे दिवस, मोठ्या मशीनवर, म्हणजे एलसी-एमएस-एमएसवर, रांग, आणि हाताशी एलायझाचं किट, शेंगदाण्यावर वर्षानुवर्षं चाललेलं. अर्क काढला, खाचांत घातला, वाचलं: अफ्लाटॉक्सिन भरमसाट. त्याच दुपारी मी फोन करून सांगितलं, "माल अडवून ठेवा." चार दिवसांनी मशीन मोकळं झालं. तिथे तेच सॅम्पल लावलं तर अफ्लाटॉक्सिनच्या जागी सपाट रेष. पीक नाहीच! झालं होतं असं की या किटमध्ये विष जितकं जास्त तितका रंग फिका. पू-अरमधलं टॅनिन आणि ते गडद तपकिरी द्रव्य किटमधल्या अँटीबॉडीला आणि एन्झाइमला जाऊन चिकटतं. रंग फिका पडतो, आणि यंत्र बिचारं समजतं, विष आलं. तो माणूस चार रात्री झोपला नसेल. मी त्याला स्वतः फोन करून चूक कबूल केली. आठवड्याने त्याने त्याच मालातली एक भाकरी मला भेट पाठवली. ती मी परत केली, नियम तो नियम. पण बांबूच्या सालाचा तो वास मात्र टेबलाला दोन दिवस होता.

त्या दिवसापासून मी एक सवय लावून घेतली, तीच तुला देते. एलायझावर काही सापडलं की अर्क पाचपट पातळ कर आणि पुन्हा वाच. खरं विष असेल तर आकडा पाचपटीने उतरेल. भूत असेल तर आकडा भलतीकडेच जाईल, कधी एकदम नाहीसा होईल. मग नमुना निमूटपणे एलसी-एमएस-एमएसवर घे.

फ्लुओरेसन्सच्या एचपीएलसीवर जाणार असशील तर इम्युनोॲफिनिटी कॉलमला आधी या रंगापासून वाचव. अर्क बफरने चांगला पातळ कर, मिथेनॉलचं प्रमाण खाली आण, थोडं पीव्हीपी घाल. टॅनिन त्याला धरून बसतं. कॉलममधून अर्क सेकंदाला एखादा थेंब, त्याहून घाई नको. सिरिंजने दाबणारी मुलं मी बघितली आहेत, रिकव्हरी चाळीस टक्के आली की स्टँडर्डला शिव्या देतात. आणि स्पाइक, म्हणजे ठाऊक तेवढं विष घालून किती परत मिळतं ते बघणं, या चहातच कर. घरच्या सीटीसी चहात स्पाइक करून आलेली नव्वद टक्के रिकव्हरी पू-अरला लागू पडत नाही. त्याचा मॅट्रिक्स वेगळा, त्याचे नखरे वेगळे. सत्तर ते एकशेदहाच्या आत येत नसेल तर आधी तो घोळ निस्तर. कार्बन-१३ चं लेबल लावलेलं स्टँडर्ड साहेब घेऊ देत असतील तर देवच पावला. नाहीतर त्याच चहाच्या अर्कात कर्व्ह काढ.

अहवालात नुसतं 'आढळले नाही' लिहिलंस तर मी तुझी आत्या नव्हे. किती मर्यादेपर्यंत बघितलं आणि नाही आढळलं, ते लिही. हे का, ते आकड्यांतच सांगते. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने, म्हणजे ईएफएसएने, २०२० मध्ये अफ्लाटॉक्सिनसाठी जो पाया धरला तो वजनाच्या किलोमागे रोज ०.४ मायक्रोग्रॅम. काळजी कमी म्हणायला माणसाच्या पोटात त्याच्या दहा हजाराव्या भागाहून जास्त जायला नको. साठ किलोच्या माणसाला हे झाले रोज २.४ नॅनोग्रॅम. तो रोज दहा ग्रॅम चहा पितो आणि पानातलं सगळं विष कपात उतरतं असं धर, तर चहात किलोमागे ०.२४ मायक्रोग्रॅमच्या वर चालणार नाही. आता तुझ्या मशीनची मर्यादा जर १ पीपीबी, म्हणजे किलोमागे १ मायक्रोग्रॅम, असेल, तर तुझं 'आढळले नाही' हे त्या माणसाला सुरक्षित म्हणायला पुरतच नाही. कागद सच्चा, पण प्रश्नाचं उत्तर त्यात नाही.

ऑक्रॅटॉक्सिनचं गणित वेगळं निघतं. २०१३ मध्ये ऑस्ट्रियातल्या संशोधकांनी पू-अरचे ३६ नमुने तपासले. बुरशी सगळ्यांत होती. अफ्लाटॉक्सिन आणि फ्युमोनिसिन एकातही सापडलं नाही. ऑक्रॅटॉक्सिन-ए चारांत, किलोमागे ०.६५ पासून ९४.७ मायक्रोग्रॅमपर्यंत. त्यातला सगळ्यात वाईट चहा घे. रोज दहा ग्रॅम, सगळं कपात उतरलं असं धरून साठ किलोच्या माणसाला आठवड्याला वजनाच्या किलोमागे साधारण ११० नॅनोग्रॅम. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञसमितीची, जेक्फाची, आठवड्याची मर्यादा १०० नॅनोग्रॅम. म्हणजे सगळ्यात वाईट चहा, सगळ्यात वाईट गृहीतक, आणि ओलांडलं ते थोडंसंच. शिवाय एक भाकरी अशाने पाच आठवड्यांत संपते, पुढची भाकरी तशीच निघेल असं नाही. सगळ्यात हलका सापडलेला नमुना घेतलास तर आठवड्याला एक नॅनोग्रॅमही भरत नाही. मात्र हे सगळं गणित जेक्फाच्या मापाने झालं. ईएफएसएने ऑक्रॅटॉक्सिनची आठवड्याची मर्यादाच २०२० मध्ये मागे घेतली आणि तिथेही अफ्लाटॉक्सिनसारखं, धरलेल्या पायापासून आपण किती लांब आहोत ते अंतराचं माप लावलं, म्हणून अहवालात कोणतं माप धरलंस ते नाव घेऊन लिही.

'सगळं कपात उतरलं असं धरून' हे मी दोनदा म्हटलं, ते तुझ्या लक्षात आलं असेल. ते धरायची गरजच काय? मोज की. पिणारे करतात तसाच चहा कर: दहा ग्रॅम पान, कढत पाणी. पहिलं पाणी ते लोक ओतून देतात, पान धुतात. ते वेगळ्या बाटलीत ठेव. मग एकामागून एक पाच-सहा वेळा पाणी घालून जो चहा निघेल तो एकत्र कर. शेवटी उरलेला चोथा वाळव. धुवण, चहा, चोथा, तिन्ही तपास. तिन्हींची बेरीज मूळ पानातल्या आकड्याशी जुळली तर जमाखर्च बरोबर. अफ्लाटॉक्सिनला पाण्याचं फारसं प्रेम नाही, त्याचा बराच भाग चोथ्यातच राहतो. फ्युमोनिसिन पाण्यात सहज उतरतं. म्हणून एकाचं प्रमाण दुसऱ्याला लावू नकोस. आणि "उकळल्यावर मरतं ना?" असं पार्टीने विचारलं, विचारणारच, तर सांग, मरतो तो जंतू. अफ्लाटॉक्सिन मोडायला दोनशे अंशांच्या वरची आच लागते, कढत्या पाण्याने त्याला काही होत नाही. पान धुतल्याने थोडं जाईल, पण धुण्याच्या भरवशावर वाईट माल चांगला होत नाही.

चीनमध्ये २०१७ साली फांग चौत्झ नावाच्या विज्ञानलेखकाने पू-अरमधल्या या विषांवर लिहिलं आणि केवढा गहजब झाला. एकीकडे "कर्करोगाचा चहा", दुसरीकडे "आमचा चहा अमृत". दोन्ही बाजूंना मी एकच विचारलं असतं, किती, आणि कशात मोजलं? अफ्लाटॉक्सिन कर्करोगकारक आहे यात वाद नाही, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने ते पहिल्या गटात घातलंय. ऑक्रॅटॉक्सिन त्यांच्या २-बी गटात, म्हणजे 'असू शकेल'वाल्यांत. आमच्या साहेबांच्या तोंडी १९७४ ची गोष्ट नेहमी असे. राजस्थानात बांसवाडा आणि गुजरातेत पंचमहाल या भागांत अवेळी पावसाने भिजलेला मका लोकांनी खाल्ला, कावीळ होऊन शंभरावर माणसं गेली. ज्या घरांत तोच मका कुत्र्यांना घातला, तिथली कुत्रीही आजारी पडली. त्या मक्यात किलोमागे ६ ते १५ मिलिग्रॅम अफ्लाटॉक्सिन होतं. मिलिग्रॅम! आपण इथे त्याच्या हजारो पट कमी आकड्यांवर डोकं खाजवतोय. म्हणून तुझ्या अहवालाने कुणी दवाखान्याकडे धाव घेऊ नये, आणि कुणी बेफिकीरही होऊ नये; इथलं नुकसान एका कपात दिसत नाही, वर्षांनी दिसतं. ज्याला बी प्रकारची कावीळ चिकटून राहिली आहे त्याला तर याच अफ्लाटॉक्सिनचा धोका जेक्फाच्या हिशेबाने तीसपट. असा माणूस रोज भरपूर पू-अर पीत असेल तर त्याला मी खात्रीचा माल नसेल तोवर थांब म्हणेन.

आणि एक, हे लॅबबाहेरचं. पू-अरची भीती घालणाऱ्याच्या घरी शेंगदाण्याचं कूट कसं ठेवलंय ते मी आधी बघेन. युरोपात थेट खायच्या शेंगदाण्याला अफ्लाटॉक्सिन बी-१ ची मर्यादा किलोमागे २ मायक्रोग्रॅम. अगदी त्या मर्यादेवरच्या दाण्यांचं पंचवीस ग्रॅम कूट, म्हणजे खिचडीत आणि कोशिंबिरीत मिळून सहज जातं तेवढं, ५० नॅनोग्रॅम देतं. तेवढंच ५ पीपीबीचा पू-अर दहा ग्रॅम प्यायल्यावर मिळेल, तेही सगळं कपात उतरलं तर. आपल्याकडे दाणे, खोबरं, लाल मिरची रोजची, पू-अर हौसेचा. तू चहा तपासायला शिकशील ते बरंच आहे, पण कुबट वासाचं खोबरं "भाजून घेतलं की चालतं" म्हणणाऱ्या तुझ्या आईलाही जरा तपास.

हो, आणि तुमच्याकडची ती भाकरी. सिंगापूरहून कुणी आणलेली, दादाने काचेच्या फडताळात शोभेला ठेवलेली. दादा म्हणतो जुनी झाली की किंमत वाढेल. कुनमिंगच्या कोरड्या हवेत वाढत असेल. डोंबिवलीच्या जुलैत भिंतींना घाम सुटतो तिथे काय वाढेल ते मी सांगायला नको. सत्तर टक्क्यांच्या खाली दमटपणा राहिला तर या बुरश्या वाढत नाहीत, आणि तुमच्या हॉलमध्ये पावसाळ्याचे चार महिने तो त्याच्या खाली येत नाही. मृगाच्या आधी ती काढ. कागद सोडव, पाठीवरचा खळगा नाकाजवळ ने. ओल्या मातीचा, जुन्या लाकडाचा वास येणारच, तो तिचाच. बंद ट्रंकेतल्या गोधडीचा वास आला, किंवा पांढरी-हिरवी लव बोटाला लागली, तर बाजूला ठेव. तशी नसेल तर झाकण घट्ट लागणाऱ्या डब्यात घाल, आत दमटपणा दाखवणारं ते छोटं मीटर टाक, आणि डबा मसाल्यांपासून लांब ठेव, नाहीतर पुढच्या दिवाळीला दादा गोड्या मसाल्याचा चहा पिईल. दादाला आधी विचार मात्र. मागच्या वेळी त्याची रेडिओची पेटी न विचारता हलवली तर आठ दिवस माझ्याशी बोलला नव्हता.